सासऱ्यांना रोज लॅसिक्स दिलीय, पाण्याची गोळी कायम घेतली की किडनी जाते का?

नाही जात. आणि हे वाक्य पसरवणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे, कारण त्यापायी आमची आई मरता मरता वाचली.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. आईच्या हार्टचं पंपिंग कमी, म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी बाकीच्या औषधांबरोबर सकाळची लॅसिक्स लावली. पायाची सूज उतरली, शेतापर्यंत चालत जायला लागली, सगळं बरं चाललेलं. तेवढ्यात भावकीत लग्न निघालं आणि आमचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, म्हणाले वहिनी बंद करा ती गोळी, किडनी जाते, त्यापेक्षा सातूचं पाणी प्या. आईलाही ते पटलं कारण वऱ्हाडाच्या गाडीत सारखं गाडी थांबवा म्हणून कोण सांगणार, बाईमाणसाची ही अडचण फार मोठी असते आणि कुठलाच डॉक्टर ती आपणहून विचारत नाही. गोळी बंद, वर लग्नघरातली लोणची-पापड. पाय टम्म फुगले, बोट दाबलं की खड्डा, आणि एका रात्री आडवं पडलं की जीव गुदमरायला लागला. फुफ्फुसात पाणी झालेलं. मिरजेला नेलं, तेच औषध शिरेतून दिलं, अर्ध्या तासात लघवी सुरू झाली आणि ती नीट श्वास घ्यायला लागली. तात्या अजून म्हणतात दवाखान्यानं पैसे काढले.

किडनी दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि जवळजवळ सगळं परत रक्तात घेते. ही गोळी तिथं मीठ परत घेऊ देत नाही, मिठामागं पाणीही बाहेर पडतं, बास. सातूच्या पाण्यानं हे होत नाही. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना तर हीच गोळी जास्त डोसमध्ये द्यावी लागते, आता बोला!

प्रवासाचं म्हणाल तर गोळीचा जोर तासाभरात सुरू होतो आणि सहाएक तासात संपतो. त्यामुळं गावाला जायच्या दिवशी पोचल्यावर घेतली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारा, पण बंद करू नका.

बीपीसाठी देतात ती पाण्याची गोळी वेगळी, लिव्हरमुळं पोटात पाणी झालं तर बहुतेक अल्डॅक्टोन असते, आणि तिच्यावर रोज शहाळं नको कारण पोटॅशियम वाढतं. लॅसिक्सनं उलट ते कमी होतं. तालमीतल्या पोरांनी वजन उतरवायला यातलं काही घेऊ नये, स्पर्धेत बंदी आहे आणि जिवालाही धोका.

हां, जुलाब-उलट्या लागल्या, उठताना चक्कर आली किंवा लघवी एकदम कमी झाली तर मात्र लगेच फोन करा, शरीर जास्त कोरडं पडलं तर किडनीवर ताण येतोच. म्हणूनच रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन अधूनमधून तपासायचं. आणि खरा धोका मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचा, त्या किडनीलाही वाईट आणि लॅसिक्सचा असरही कमी करतात. आमचे तात्या गुडघ्यासाठी त्याच रोज खातात, त्यांच्याबद्दल कुणी किडनीचं नाव काढत नाही.

सासऱ्यांचं वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका, डॉक्टरांना कळवा.