शेतातलं अर्धं शिळावर्तुळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नागपूर जिल्ह्यात आमच्या शेतात नऊ मोठे दगड कमानीत उभे आहेत. बाकीचे वडिलांनी सपाटीकरण करताना धुऱ्यावर ओढून टाकले. आता उरलेल्याला काही अर्थ आहे का?

आहे. दगडांचं कडं हे एका परीने नुसतं कुंपण. विदर्भातल्या लोहयुगीन लोकांनी, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या काळात, मृतांचे अवशेष पुरले, वर गोटे आणि माती-मुरमाची भर घातली आणि भोवती न घडवलेल्या शिळा मांडल्या. म्हणजे खरा ऐवज मधल्या जागेत. ती भोवतालपेक्षा किंचित उंच आणि गोट्यांनी भरलेली असेल, खोल नांगरट झाली नसेल, तर आतलं बरंचसं शाबूत असू शकतं.

नऊ दगडांच्या कमानीवरून व्यास काढता येतो. उपटलेल्या शिळेचा खड्डा बुजला, तरी त्यातली माती आजूबाजूच्या मातीशी सहसा पुरती एकजीव होत नाही; काळजीपूर्वक खणलं तर तिचा वेगळा रंग ओळखू येतो. म्हणून गेलेल्या दगडाचीही साक्ष निघते.

आधी वडिलांना शेतात न्या. कोणता दगड कुठून ओढला, हे त्यांना आठवेल तेवढं नकाशावर मांडून घ्या. हा पुरावा कुठल्याही उत्खननात मिळणार नाही. मग आसपास फिरून पाहा, कारण वर्तुळ सहसा एकटं नसतं. नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे ३०० आहेत. फोटो आणि नकाशा घेऊन पुरातत्त्व विभागाला कळवा.

गावातली मुलं दगड पुन्हा जागेवर लावायला तयार आहेत. लावू का?

नको. अंदाजाने लावलेला दगड पडलेल्या दगडापेक्षा जास्त दिशाभूल करतो, आणि त्यासाठी खणलेला खड्डा जुना खड्डा पुसून टाकतो. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या प्राचीन शिळावर्तुळात १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर केलर यांनी शिळा उभ्या केल्या, पण मूळ खड्डे शोधून. शिळाच उरली नव्हती तिथे त्यांनी काँक्रीटचे खांब लावले. दिसायला ओबडधोबड, पण खरं काय नि खूण काय, यात गल्लत होत नाही. मुलांचा उत्साह दगडांभोवती गाडी-नांगर जाणार नाही एवढं बघण्यात लावा.

अशा वर्तुळाखाली धन असतं म्हणतात. खरं का?

या समजुतीने जेसीबीइतकंच नुकसान केलं आहे. विदर्भातल्या माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या अशाच वर्तुळांच्या उत्खननांत मुख्यतः लोखंडी हत्यारं-अवजारं, तांब्याच्या वस्तू, मणी आणि काळी-तांबडी खापरं निघाली. माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साजही मिळाला! पण तो घोड्याच्या सांगाड्याशी सापडला म्हणून त्याचा अर्थ लागला. नुसता उचलून आणला असता तर मोडीच्या भावाचा. शिवाय १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे : जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

एका दगडावर ओळीने छोटे खळगे आहेत. हा ताऱ्यांचा नकाशा असावा का?

जुनापाणीच्या शिळांवरही असे खळगे आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्येच त्यांवर लिहिलं. काही अभ्यासक त्यांचा दिशांशी संबंध जोडतात. मला ते पटण्याजोगं वाटतं, सिद्ध झालेलं नाही. पण तुमचा दगड धुऱ्यावरच्यांपैकी असेल, तर त्याची मूळ दिशा आता फक्त ओढणाऱ्याला ठाऊक.