पहिल्या दुपारी तिकीट काढायचं नाही

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझी इंदूरची यादी वाचली. बाराला सरवटे बसस्टँडजवळच्या लॉजवर, एकला राजवाडा, दोनला काचमंदिर, तीनला लालबाग, पाचला खजराण्याचा गणपती, सातला छप्पन दुकान, नऊला सराफा. आणि खाली प्रश्न: ‘मावशी, यातलं काय गाळू?’

सगळं गाळ. सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार तेवढा ठेव.

तू माझ्याकडे का उतरत नाहीस म्हणून मी भांडणार नाही. मैत्रीण सोबत आहे, पहिल्या पगाराचे पैसे आहेत, लॉजवरच उतरावं. पण जळगावहून पहाटे निघून, बऱ्हाणपूर-खंडव्याचा रस्ता आणि भेरूघाट बसमध्ये काढून पोहोचलेल्या मुलीनं त्याच दिवशी पाच ठिकाणी धावावं, हे मला पटत नाही. तुला भीती कशाची आहे ते मला कळतं. अडीच दिवस हातात, आणि परत गेल्यावर घरचे विचारणार, काय काय पाहिलंस? पहिली दुपार झोपले म्हणून सांगायची लाज वाटेल. वाटू दे.

माझा नियम एकच आहे आणि त्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पहिल्या दुपारी तिकीट काढायचं नाही. जिथं तिकीट लागतं, जिथं बंद व्हायची वेळ डोक्यावर असते, जिथून पुढच्या ठिकाणी पळावं लागतं, ती जागा दुसऱ्या दिवसाची.

लालबाग वाड्याचंच घे. १८८६ मध्ये काम सुरू झालं ते १९२१ मध्ये संपलं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळातली सुरुवात, तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात शेवट. फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं, तेही इंग्लंडहून घडवून आणलेलं. पस्तीस वर्षं लागलेला हा वाडा तू आंबलेल्या अंगानं तासाभरात उरकणार? छताकडे मान वर करायचं त्राण नसेल आणि लक्ष घड्याळाकडे असेल. म्हणून सांगते, पहिल्या दुपारी तिकीट नाही.

त्यापेक्षा असं कर. खोली लगेच मिळाली नाही तर पिशव्या काउंटरवर ठेवा आणि जवळपास साधा डाळभात खाऊन या. साधाच. रात्री तळलेलं, तिखट, गोड सगळं पोटात जाणार आहे. मग आंघोळ, आणि दोन तास आडवं. मोबाइल उशाशी नको, टेबलावर ठेवायचा. झोप आली नाही तरी पडून राहायचं. मैत्रीण ‘चल ना, जवळच आहे’ म्हणेल, तिला हे पत्र वाचायला दे.

चारच्या सुमारास निघा. डिसेंबर आहे, पावणेसहाला सूर्य मावळतो आणि माळव्याच्या पठारावर लगेच गारवा पडतो, तेव्हा स्वेटर घ्या. रिक्षा करायची नाही. महात्मा गांधी रोडनं सरळ चालत सुटायचं. आधी गांधी हॉल लागेल, १९०४ चा. तेव्हा त्याला किंग एडवर्ड हॉल म्हणायचे, आता कुणी घंटाघरही म्हणतं. बाहेरून बघा आणि पुढे चला. मग कान्ह नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. कृष्णाबाई होळकर, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या त्या छत्र्या, म्हणजे त्यांची दगडी स्मारकं. इथं मात्र थांबायचं. दगडात कोरलेले शिपाई आणि वाजंत्री जवळ जाऊन बघ. बाजूनं रहदारी वाहत असते, तरी पायरीवर बसलं की पाच मिनिटांत डोकं हलकं होतं. कंटाळा येईपर्यंत बसा.

तिथून राजवाडा जवळ आहे. आत जायचं नाही. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, त्याच्या आसपास जागा धरून वर बघत बसायचं. सात मजले आहेत, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत मागचा बराच भाग जळाला, दर्शनी भाग वाचला, मागचं नंतर पुन्हा उभं केलं. हे एवढं मनात ठेवून बघितलंस तर नुसत्या त्या लाकडी सज्ज्यांवर अर्धा तास जाईल. दुसऱ्या दिवशी आत शिरशील तेव्हा हा वाडा तुझ्या ओळखीचा असेल. आणि अंधार पडताना त्या चौकात जी गर्दी उसळते, बायका, पोरं, फुगेवाले, बांगड्यांचे सौदे, ती इंदूरची रोजची संध्याकाळ आहे. ती बघायची म्हणजे तिच्यात बसावं लागतं.

मी इतकी हट्टानं का सांगते? मी कोलकाता पाहिलंय. दिल्ली, आग्रा, म्हैसूर पाहिलंय. तुझे काका होते तोवर दरवेळी सहल कंपनीबरोबरच जायचो, कारण त्यांना बिनघोर वाटायचं. कोलकात्याला पहिल्या संध्याकाळी मला हुगळीच्या घाटावर बसायचं होतं, बाकी काही नको होतं. आमच्याबरोबरचा माणूस हातातला कागद दाखवून म्हणाला, ‘अजून दोन पॉइंट बाकी आहेत, बसा गाडीत.’ ते दोन पॉइंट कोणते होते ते मला आज सांगता येणार नाही. नदी मात्र गाडीच्या काचेतून दिसली तेवढीच. आता गुडघे साथ देत नाहीत, घाटाच्या पायऱ्या माझ्याच्यानं उतरवणार नाहीत. याची चुटपुट लागून राहिली आहे, आणि ती तुला लागू नये.

माझ्या घरी आलेल्या पाहुण्यांनाही मी हाच नियम लावला. नात्यात बोललं गेलं की वहिनींनी पहिला दिवस घरात आणि रस्त्यावरच घालवला, काही दाखवलं नाही. बोलू देत. तीच माणसं अजून फोनवर राजवाड्यासमोरची संध्याकाळ आणि सराफ्यातला भुट्ट्याचा कीस यांचीच आठवण काढतात, लालबागचं नाव कुणी काढत नाही. मी त्यांना योग्य तेच दिलं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

आता सराफा. राजवाड्याच्या मागेच आहे, पण घाई करू नका, साडेआठच्या पुढे शिरा. दिवसभर तो सोन्याचांदीचा बाजार. दुकानं मिटायला लागतात ती वेळ गाठायची. शटर अर्धं खाली आलेलं, आत माणूस मखमली ट्रे आवरतोय, आणि बाहेर त्याच ओट्यापाशी दुसरा माणूस शेगडी लावून कढई चढवतोय. हे घडताना बघायला मिळतं ते ज्याला कुठं पोहोचायचं नाही त्यालाच. मग गर्दी वाढते आणि मध्यरात्र उलटली तरी हटत नाही.

दोघींत एकच प्लेट घ्यायची, प्रत्येक वेळी. आधी भुट्ट्याचा कीस, मका किसून दुधात शिजवलेला. मग गराडू, तुझं नशीब की थंडीत येतेस. कोनफळाच्या जातीचा कंद आहे. तुकडे एकदा तळून ठेवलेले असतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत सोडतात, कडा कुरकुरीत झाल्या की जिरावन, म्हणजे इथला चटपटीत मसाला, भुरभुरायचं, वर लिंबू. जिभेला चटका बसेल, फुंकर घालून खा. साबुदाण्याची खिचडी आपल्यासारखी परतलेली नसते, वाफेवरची असते, वर फराळी चिवडा घालून देतात. एक घास घेऊन बघ, आईच्या खिचडीशी तुलना नको. शेवटी रबडी-जिलबी. पोट भरलं की थांबायचं, सराफा पळून जात नाही. पर्स पुढे धरायची, फोन हातात मिरवायचा नाही, आणि परतताना मात्र रिक्षा करायची, चालत यायचं नाही.

मैत्रिणीनं अजून एक ठिकाण सुचवलं तर काय म्हणायचं ते तुला आता पाठ झालं असेल. आईनं फोनवर विचारलं, ‘आज काय पाहिलंस?’ तर छत्र्या, राजवाडा, सराफा सांग. तरीही ती कुरकुरली तर माझा नंबर दे तिला, मी बोलते.

काचमंदिर, खजराणा, लालबाग दुसऱ्या दिवशी कसं लावायचं ते आत्ता विचारू नकोस. सकाळी उठून शेव-जिरावन घातलेले पोहे खा आणि मग मला फोन कर. लालबाग त्या दिवशी उघडा आहे की नाही, तेही मी तोवर चौकशी करून ठेवते.

तुझी,
मावशी