जीवामृताच्या ड्रमला सौरऊर्जेवर हवा

प्रश्न (यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक): साहेब, मळा गावापासून चार किलोमीटर लांब. जीवामृताचे (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेलं द्रावण) २०० लिटरचे तीन ड्रम भरले आहेत, पण दिवसातून तीनदा ढवळायला जाणं होत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत घाण वास सुटतो. माशांच्या टाकीला लावतात तसा हवेचा पंप सोलरवर चालवला तर जमेल का? शेतात सौर कृषी पंप आहे, त्याच्याच पॅनेलवरून वायर काढू का?

उत्तर: दादा, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. सौर कृषी पंपाच्या पॅनेलना अजिबात हात लावू नका. ती पॅनेल एकामागोमाग जोडलेली असतात आणि तिथला डीसी दाब (व्होल्टेज) जीव घेऊ शकतो. शिवाय जोडणीत फेरफार केला तर हमी जाते. ड्रमसाठी वेगळं छोटं पॅनेलच घ्या.

आता वासाचं. २० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ४० अंशांना तो साडेसहाच्याही खाली येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. गूळ-बेसनावर जीवाणू झपाट्याने वाढतात आणि आहे तेवढा प्राणवायू लगेच संपवतात. मग हवेशिवाय जगणारे जीवाणू जोर धरतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून पंपाचा विचार करण्याआधी ड्रम झाडाच्या नाहीतर शेडच्या सावलीत न्या, तोंडावर ओलं गोणपाट टाका. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. एवढ्यानेही बराच फरक पडेल.

माशांच्या टाकीचा तीन-चार वॅटचा पंप मात्र इथे पुरणार नाही. भरलेल्या ड्रममध्ये पाऊण मीटरहून जास्त खोल पाणी असतं, तेवढ्या दाबाविरुद्ध त्याला पुरेशी हवा ढकलता येत नाही. दीड मीटर खोलीपर्यंत हवा देणारा १२ व्होल्टचा, साधारण २० वॅटचा डीसी पंप घ्या. तिन्ही ड्रमांच्या नळीला वेगवेगळे कॉक बसवा. नाहीतर ज्या ड्रममध्ये पाणी कमी, तिकडेच सगळी हवा पळते. टोकाला बारीक छिद्रांचा दगड लावू नका, शेणाने तो बुजतो. पाइपच्या तुकड्याला दोन-तीन मिलिमीटरची भोकं पाडा आणि तो वजन बांधून तळाशी सोडा.

पंप ड्रमच्या पाण्यापेक्षा उंचावरच ठेवा. पंप थांबला की नळीतून शेणपाणी उलटं येतं. एका मळ्यावर पंप खाली जमिनीवर ठेवला होता, पहिल्याच संध्याकाळी तो आतून भरून निकामी झाला. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (उलटा प्रवाह अडवणारी झडप) टाका.

पॅनेल थेट पंपाला जोडू नका. बारा व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल उन्हात २१-२२ व्होल्टपर्यंत जातं आणि मोटर जळते. मध्ये चार्ज कंट्रोलर (पॅनेलचा दाब आवरून बॅटरी भरणारं उपकरण) हवा. आणि बॅटरी टाळू नका, कारण सूर्य मावळला म्हणून ड्रममधले जीवाणू थांबत नाहीत. हिशोब सोपा आहे. रात्री १४ तास, दर तासाला १५ मिनिटं पंप चालवला तर साडेतीन तास, म्हणजे ७० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १२ व्होल्ट, २० ॲम्पिअर-तासांच्या आसपासची घ्या. दिवसा अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. टायमर लावला की तुम्हाला जावं लागणार नाही. या सगळ्याला ७५ वॅटचं पॅनेल पुरेल. ते दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २१ अंश कलवा आणि धूळ पुसत राहा. पावसाळ्यात सलग ढग असतील तर काठी हातात घ्यावीच लागेल.

तसं बघितलं तर पंप आला तरी काठी सुटत नाही. बुडबुडे तळाचं शेण उचलत नाहीत. मळ्यावर जाल तेव्हा एकदा तळापासून ढवळा. गावालगत मळा असेल आणि एकच ड्रम असेल, तर हा खर्च करू नका, असंच मी सांगेन. तुमच्यासारखी अडचण असेल तिथे मात्र तो उपयोगी आहे.

ड्रमचं प्रमाण नेहमीचंच: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी १ ते २ किलो, बांधावरची मूठभर माती. उन्हाळ्यात दोन दिवसांत तयार होतं, सात दिवसांत संपवा. एकरी २०० लिटर, ओल असताना द्या. ड्रिपमधून सोडायचं असेल तर दोनदा फडक्याने गाळा आणि नंतर १५ मिनिटं साधं पाणी चालवा, नाहीतर लॅटरल (ड्रिपच्या बारीक नळ्या) चोकअप होतील.

वास बिघडलेला ड्रम केळीला देऊ नका, उकिरड्यावर ओता. आणि जीवामृतावर भरवसा ठेवून केळीचं पालाश (पोटॅश खत) बंद करू नका. यात जीवाणू भरपूर आहेत, अन्नद्रव्यं फार थोडी. माती परीक्षणाचा कागद घेऊन या, खताची मात्रा बसून ठरवू.