साताऱ्याहून चौघांनी कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघायला जाणं परवडतं का?

हो, नक्की परवडतं. तिकिटापेक्षा जास्त पैसे डिझेल आणि आणेवाडी, खेड शिवापूरच्या टोलमध्ये जातात, त्यामुळे गेलात तर पूर्ण दिवस द्या. बुधवारी बंद असतं, हे आधी बघा. आवार १३० एकरांचं, मध्ये तळं. लहान मुलं दमतात. सकाळी लवकर पोचा, दुपारी वाघ सावलीत पाठ करून झोपलेला असतो. आमची धाकटी हत्ती सोंडेनं अंगावर माती उडवताना बघत अर्धा तास कठड्याला चिकटून होती, तेवढ्यातच माझे पैसे वसूल झाले. चपाती-भाजीचा डबा घेऊन जा, पण आत खायला कुठे परवानगी आहे ते गेटवरच विचारा. फक्त हरणंच बघायची असतील तर सागरेश्वर अभयारण्य बरं.