बॅरिकेड नक्की कुणाचं, पोलिसांचं की लोकांचं?

तुम्ही विचारलंय, नाकाबंदीला पोलिस लावतात ते लोखंडी बॅरिकेड आणि पॅरिसच्या क्रांत्यांत वाचायला मिळतं ते बॅरिकेड, एकच का? शब्द एकच, बाजू मात्र उलटी. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर मी ज्याला टेकून तासन्‌तास उभा राहतो, ते लोकांना अडवायला असतं. पॅरिसचं होतं ते लोकांनी फौजेला अडवायला रचलेलं.

फ्रेंचमध्ये ‘बारिक’ म्हणजे लाकडी पिंप. १२ मे १५८८ रोजी तिसऱ्या हेन्रीने शहरात फौज आणली, तेव्हा पॅरिसकरांनी दगडमातीने भरलेली पिंपं रस्त्यांत आडवी लावली, साखळ्या ताणल्या. शिपाई जागोजागी कोंडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी राजाने शहरातून पळ काढला.

आता भिंत म्हणून पाहिलं तर हा प्रकार अगदीच कच्चा. उलटवलेल्या गाड्या, फरसबंदीचे दगड, घरातलं सामान. तोफेपुढे काय टिकणार? माझ्या मते त्याचं खरं काम वेगळं: शिपायाला थांबायला लावायचं, समोर आपल्यासारखीच माणसं आहेत हे त्याला दिसू द्यायचं. फेब्रुवारी १८४८ मध्ये हे जमलं. नॅशनल गार्डनेच, म्हणजे शहरातल्या नागरिकांच्याच सशस्त्र दलाने, राजाची पाठराखण सोडली, लुई फिलिपला गादी सोडावी लागली. चारच महिन्यांनी, जूनमध्ये, कामगारांनी पुन्हा बॅरिकेड्स उभारली. या वेळी जनरल काव्हेन्याकने तोफा आणल्या. मध्यस्थीला गेलेले पॅरिसचे आर्चबिशपही गोळी लागून गेले.

त्या जूनमधला एक फोटो जरूर शोधून बघा. खिडकीतून टिपलेला लांबलचक रस्ता, त्यात एकामागून एक बॅरिकेड्स, आणि रस्ता सुना. हल्ल्याच्या आदल्या दिवशीचा आहे तो. बघताना पोटात गोळा येतो.

पुढे पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या ओस्मान या अधिकाऱ्याने रुंद रस्ते काढले. हवा, उजेड, गटारं ही कारणं होतीच, पण फौजेला सरळ वाट मिळावी हेही होतं. तरी १८७१ च्या कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसकरांनी बंड करून स्वतःचं सरकार स्थापलं तेव्हा, बॅरिकेड्स उभी राहिलीच.

मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी गे-ल्युसाक रस्त्यावरचे दगड उपटले, हातोहात पुढे दिले. दगडांखाली वाळू निघाली, तर भिंतींवर घोषणा आली: ‘फरसबंदीखाली समुद्रकिनारा’. नंतर सरकारने त्या भागातल्या रस्त्यांवर डांबर ओतलं. पुन्हा उपटायला दगड हाती लागायलाच नकोत!