तपासणी अंधार पडल्यावरच मागा

डिचोलीहून तुम्ही लिहिलंय की दिवसभर आकाशवाणीचं पणजी केंद्र स्वच्छ लागतं आणि दिवेलागण झाली की 1287 किलोहर्ट्झवर नुसती भुणभुण. रेडिओ बदलला तरी तीच. रेडिओवर आणखी पैसे घालू नका. आमच्याकडे फोंड्यात हेच चालायचं. विजा चमकताना येते ती खरखर तुटक असते, ही सलग आणि ठरल्या वेळी सुरू होते. पैज लावत नाही, पण एलईडीच असणार. त्यातही खरा त्रास ड्रायव्हरचा, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटचा. तो सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो, स्वस्त मालात फिल्टरचे चार पैशांचे भाग गाळलेले असतात, आणि घरातलं वायरिंगच अँटेना होऊन बसतं.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. या भुणभुणीच्या तक्रारीचा अर्ज केला, त्यात तपासणी ‘सूर्यास्तानंतर’ असं ठळक लिहिलं होतं. माणूस आला सकाळी अकराला. दिवे बंद, रेडिओ स्वच्छ, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आणि फाइल बंद. पुन्हा अर्ज केला तर पुन्हा दुपारीच, कारण अंधार पडायच्या आधी कार्यालय सुटतं! एकाने तर व्होल्टेज मोजून दिलं. व्होल्टेजचा इथे काय संबंध? आख्खा पावसाळा त्यात गेला आणि घरचेही म्हणायला लागले, तुमच्या कानातच काहीतरी आहे.

म्हणून आधी उगम स्वतः शोधा. अर्ज करायचाच तर रात्रीचं रेकॉर्डिंग जोडा आणि तपासणी अंधार पडल्यावरच हवी असं लेखी मागा. येतीलच अशी हमी मी देत नाही.

बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर लावून मेन बंद करायचा, आवाज गेला तर उगम घरातच; मग एकेक एमसीबी (त्या-त्या खोलीच्या लाइनचा स्विच) पाडून कुठली लाइन ते शोधायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इन्व्हर्टर मात्र विसरू नका. मेन पाडला की घरातले काही दिवे त्याच्यावर जातात, भुणभुण तशीच राहते आणि आपण उगाच शेजाऱ्यावर संशय घेतो. तोही बंद करून आवाज राहिला तर अंगणात जाऊन सेट हळूहळू फिरवा. आतल्या फेराइट कांडीचं (तीच सेटची अँटेना) टोक ज्या दिशेला असताना आवाज अगदी कमी होतो, उगम त्याच रेषेत. दुसऱ्या जागेवरून पुन्हा बघा, दोन रेषा जिथे छेदतील तिथे जा. आमच्या रेषा भिडल्या त्या शेजारच्या पोर्चमधल्या, अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या फ्लडलाइटला. मी त्यांना दुसरा दिवा आणून दिला. भांडणापेक्षा स्वस्त पडलं.

माझ्या मते दिवा बदलणं हाच उपाय. आवाज दाबायची फेराइटची कडी वायरीला नुसती अडकवून मिडियम वेव्हवर, म्हणजे पणजी केंद्र लागतं त्या पट्ट्यावर, फारसा फरक पडत नाही. घालायचीच तर ड्रायव्हरच्या अगदी जवळ, वायरीचे बरेच वेढे देऊन, आणि इलेक्ट्रिशियनकडूनच. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का बघूनही निर्धास्त राहू नका, बल्बसाठीचं आयएस 16102 भाग 1 हे सुरक्षिततेचं मानक आहे. मी तर दुकानातच ट्रान्झिस्टर लावून बल्ब पेटवायला सांगतो. दुकानदार हसतो, हसू दे.

चवथीतल्या, म्हणजे गणेशचतुर्थीतल्या, दिव्यांच्या माळांचं म्हणाल तर तेवढे दिवस सोसा. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली ट्रान्झिस्टर फिरवत उभे राहिलात तर नेवऱ्या (करंज्या) कोण देणार?