आजारी मनानेच निवड करायची असते तेव्हा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. दोन समुपदेशकांची नावे हाताशी असूनही तीन आठवड्यांत एकालाही फोन केला नाही, म्हणून तू स्वतःला आळशी म्हटले आहेस. तो शब्द मला मान्य नाही. लहानसहान निर्णयही न होणे, कशातच लक्ष न लागणे, कोणताही प्रयत्न सुरू करण्याआधीच तो फुकट जाणार असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणेच आहेत. योग्य मदत शोधायला जो उत्साह आणि जी पारख लागते, नेमकी तीच या आजारात क्षीण झालेली असते. ज्या तराजूत खोट आली आहे, त्याच तराजूने वजन करायची वेळ तुझ्यावर आली आहे. म्हणून या पत्रात मी तुला ‘उत्तम समुपदेशक कसा ओळखावा’ हे सांगण्यापेक्षा, तराजूत खोट असतानाही वजन फारसे चुकणार नाही अशी व्यवस्था कशी लावावी, हे सांगणार आहे.

त्याआधी एक गोष्ट. पत्रात तू रात्री येणाऱ्या विचारांचा ओझरता उल्लेख केला आहेस. स्वतःला इजा करावी किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर समुपदेशकाच्या भेटीच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी स्पष्ट शब्दांत सांगायचे आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे. तसे काही नसेल, तर पुढचे निवांत वाच.

पहिली भेट साध्या डॉक्टरांची असू दे. थायरॉइडचे काम मंदावले असेल, रक्तक्षय किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर थकवा आणि उदासी नैराश्यासारखीच दिसू शकते. काही औषधांमुळेही तसे होते. शिवाय, पूर्वी कधी चार-पाच दिवस झोप जवळजवळ न घेताही अंगात भलताच जोर होता, बोलणे आणि खर्च हाताबाहेर गेला होता, असे घडले असेल तर ते आठवणीने सांग. बायपोलर आजारात, म्हणजे असा अवाजवी उत्साह आणि उदासी आलटून पालटून येणाऱ्या आजारातही नैराश्य येते, पण त्याचे उपचार वेगळे असतात, आणि नुसती नैराश्याची औषधे दिल्याने तिथे अपाय होऊ शकतो. माणसे उदासी सांगतात, तो उत्साह सांगायचा राहून जातो.

डॉक्टर कदाचित तुझ्याकडून नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतील. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे हे प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि एकूण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर नीट तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. ते निदान नव्हे. तो कागद मात्र जपून ठेव, पुढे उपयोगी पडेल.

कोण काय करतो, याचा घोळ तुझ्या पत्रातही दिसला. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय तपासणी आणि उपचार यांचे प्रशिक्षण घेतलेले असतात. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अनेक ठिकाणी अगदी वेगवेगळ्या तयारीची माणसे लावतात, त्यामुळे पाटीवर न जाता शिक्षण विचारावे. नैराश्य तीव्र असेल तर औषध आणि संवादातून होणारे उपचार दोन्ही मिळून घेणे सहसा अधिक हिताचे ठरते. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि ते मनाने एकदम बंद करायचे नसते.

आता पद्धतींविषयी. तू चार-पाच नावांची यादी करून कोणती निवडू असे विचारले आहेस. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे मनातल्या अविवेकी समजुती शोधून बदलण्याची पद्धत, मांडायला सुरुवात केली. मनोविश्लेषणात तयार झालेले मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांना १९६०च्या दशकात दिसले की नैराश्यग्रस्तांच्या मनात स्वतःबद्दलचे कठोर निष्कर्ष आपोआप, जवळजवळ नकळत उमटत असतात. ते पकडायचे आणि पुराव्यावर तपासायचे, हा त्यांच्या बोधात्मक चिकित्सेचा गाभा आहे. वर्तन-सक्रियता ही पद्धत उलट्या टोकाने जाते: उत्साह येईल तेव्हा काम करू असे न म्हणता आधी छोटे, ठरवून घेतलेले काम करायचे आणि मनःस्थिती त्याच्यामागून येऊ द्यायची. आंतरवैयक्तिक पद्धतीत जवळच्या माणसाचा वियोग, नात्यातला तंटा, आयुष्यातला मोठा बदल किंवा एकटेपणा यांपैकी काय या नैराश्याशी जोडलेले आहे, ते पाहतात. सौम्य आणि मध्यम नैराश्यात या पद्धतींच्या परिणामांमध्ये सरासरीने फार मोठा फरक आढळत नाही. तेव्हा यादीवर महिना घालवू नकोस. तुला अंथरुणातून उठणेच जड जात असेल तर वर्तन-सक्रियतेची वाट जवळची, आणि सारे दुखणे एका तुटलेल्या नात्याभोवती फिरत असेल तर आंतरवैयक्तिक, एवढा ढोबळ अंदाज पुरे.

मग फरक कशाने पडतो? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचे याबद्दल एकमत, त्यासाठी दोघांनी काय करायचे याबद्दल एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. हे मी वाचले फार उशिरा, किंमत त्याआधीच मोजून झाली होती. चौतिसाव्या वर्षी मी ज्यांच्याकडे गेलो ते गृहस्थ अतिशय प्रेमळ होते. चार महिने आम्ही माझ्या बालपणाबद्दल बोललो. मला हवे होते ते एवढेच, की सकाळी उठून कामावर जाता यावे. विश्वास होता, पण कुठे जायचे हे ना त्यांनी विचारले, ना मी सांगितले. एके दिवशी न कळवता जाणे बंद केले आणि पुढची दोन वर्षे ‘समुपदेशनाचा काही उपयोग नसतो’ असे मी ज्याला त्याला ऐकवत राहिलो. दुसऱ्या बाई बोलायला काहीशा रोखठोक होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, “तीन महिन्यांनी नेमके काय बदललेले असले, तर इथे येणे सार्थकी लागले असे तुम्ही म्हणाल?” मला उत्तर द्यायला अर्धा तास लागला, पण त्या अर्ध्या तासात उपचार सुरू झाले होते.

हाच प्रश्न तू जाण्याआधी कागदावर लिहून त्याचे उत्तर काढ. ‘आनंदी व्हायचे आहे’ असले उत्तर नको. ‘आठवड्यातून चार दिवस वर्गात जायचे आहे’ असे, मोजता येईल असे हवे. त्याच कागदावर फोनवर विचारायचे प्रश्नही उतरव: आपले शिक्षण काय, नैराश्य असलेल्या माणसांबरोबर काम केले आहे का, कोणत्या पद्धतीने करता, साधारण किती भेटी लागतात, प्रगती कशी पाहायची, शुल्क किती, भेट रद्द केली तर काय, आणि मी सांगितलेले कोणत्या परिस्थितीत दुसऱ्याला सांगावे लागेल. शेवटचा प्रश्न टाळू नकोस. गोपनीयता हा या कामाचा पाया असला तरी जिवाला धोका असेल तेव्हा तिला मर्यादा येते, आणि प्रामाणिक समुपदेशक ती आधीच सांगतो. या प्रश्नांनी जो दुखावला जातो, त्याच्याकडे जायची गरज नाही.

काही बाबतींत तर विचार करत बसूच नये. बरे होण्याची हमी देणारा, डॉक्टरांना न विचारता औषधे सोडायला सांगणारा, तुझ्या वेळेत स्वतःची दुःखे सांगणारा, भेटीबाहेर मैत्री किंवा जवळीक वाढवणारा, तुझे निर्णय स्वतः घेऊन टाकणारा किंवा नुसता उपदेश करणारा माणूस भेटला, तर त्या दिवशीच निघून ये.

एरवी मात्र तीन-चार भेटी द्याव्यात. इथेच तराजूची खोट सर्वांत जास्त फसवते. काही भेटींनंतर रडू येते, थकवा येतो, राग येतो. ते काम चालू असल्याचेही लक्षण असू शकते. उलट, दर वेळी छान वाटते पण तीन महिन्यांत जगण्यात काडीचाही बदल नाही, असेही होते. माझे झाले होते. म्हणून भेटीच्या रात्री निकाल देऊ नकोस, दोन दिवसांनी दोन ओळी लिही: माझे ऐकून घेतले गेले का, आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करायचे ते मला कळले का? दर दोन आठवड्यांनी त्या नऊ प्रश्नांचे गुण पुन्हा मांड. सहा ते आठ आठवड्यांत गुण आणि दिनक्रम दोन्ही जागच्या जागी असतील, तर ते कागद समुपदेशकापुढे ठेव आणि ‘हे जमत नाही असे मला वाटते’ असे सरळ म्हण. मी जे न बोलता निघून आलो, ते तू करू नकोस. चांगला समुपदेशक त्यावर पद्धत बदलेल, किंवा स्वतःच दुसऱ्याचे नाव सुचवेल. न सुचवले तरी बदलण्याचा हक्क तुझा आहे, आणि त्यासाठी कारणे द्यायचे बंधन नाही.

‘त्यापेक्षा तुमच्याशीच बोलत राहिलो तर?’ असेही तू शेवटी विचारले आहेस. बोल, अवश्य बोल; पण मी तुला लहानपणापासून ओळखतो, तुझ्या घरच्यांना ओळखतो, आणि मला वाईट वाटेल म्हणून तू काही गोष्टी माझ्यापासून लपवशील. ज्याला तुझ्याबद्दल काहीच ठाऊक नाही आणि ज्याच्या मनाची काळजी तुला घ्यावी लागत नाही, असा माणूस तुला हवा आहे.

मंगळवारी दुपारी मी मोकळा आहे. तुझा तो कागद घेऊन ये. त्या दोन समुपदेशकांपैकी पहिल्याला फोन तू कर, मी शेजारी बसतो. मध्येच शब्द सुचेनासे झाले तर फोन माझ्याकडे दे, वेळ मी ठरवून घेईन.

तुझा,
सर